पुलाच्या पोटातला गूळ

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा सरकारी यंत्रावर आहे असं सांगण्यात आलं होतं. यंत्र अजून यायचंच आहे, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. त्यामुळं वाशीहून मुरुमला आले ती यंत्रावरच्या माणसाची बायको म्हणून, आणि पहिले आठ महिने काढले ते चुन्यात.

सासऱ्यांची गावाबाहेर ओढ्याकाठी चुन्याची भट्टी होती आणि भट्टीशेजारी घाणी. घाणी म्हणजे दगडानं बांधलेला गोल चर, मधोमध खुंटा, खुंट्याला आडवं लाकूड आणि त्या लाकडात ओवलेलं छातीएवढं उंच दगडी चाक. लाकडाच्या टोकाला रेडा जुंपायचा. रेडा फिरला की चाक चरातून फिरतं आणि चरातला चुना, वाळू, विटांचा चुरा सगळं एकजीव दळलं जातं. सकाळी घातलेला माल दिवस मावळायच्या सुमाराला निघायचा. मध्ये किती फेरे झाले ते कुणालाच ठाऊक नसायचं. सासरे बोटावर चुना घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, नाकाजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "झाला" किंवा "न्हाय झाला." 'न्हाय झाला' म्हटलं की रेडासुद्धा उसासा टाकायचा.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा माणसांशी मराठीत बोलायचे, हाकिमांशी, म्हणजे सरकारी साहेबांशी, दखनीत आणि रेड्याशी कानडीत. "नडी, नडी" म्हटलं की रेडा चालायचा, "निल्लु" म्हटलं की थांबायचा. मला कानडी येत नव्हती, म्हणून पहिले दोन महिने रेड्यानं मला खिजगणतीतही धरलं नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, तेव्हा भाकरीपासून भट्टीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. चुन्यानं हातांची सालं निघायची, डोळे लाल व्हायचे, केसांत बोट घातलं तर पांढरं निघायचं. वडील वाशीला मास्तर होते आणि मला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, एवढ्याच कारणानं त्यांनी मला शाळेत पोरांबरोबर बसवून लिहायला-वाचायला शिकवलं होतं. पण रेड्याला पाटी दाखवून काय करणार?

आता नवऱ्याविषयी. इथं मी त्याला 'तो' म्हणणार आहे. समोर 'अहो' म्हणते, जन्मभर म्हणत आलेय. लिहिताना तरी थोडी मोकळीक असावी. तो हैदराबादेत सहा महिने राहून काँक्रीटचा मिक्सर चालवायला शिकून आला होता. आला तो खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी आणि खिशात तेलकट फडकं अशा थाटात. पुसायला यंत्रच नव्हतं, तरी फडकं खिशात असायचंच. जेवताना तो 'पुर्जा' आणि 'पट्टा' असे शब्द पेरायचा, आणि मामा अर्ध्या ताटावरून उठून रेड्याला वैरण घालायला जायचे.

ओढ्यावर तेव्हा सरकारी पूल होत होता. तीन गाळ्यांचा, म्हणजे खांबांमधून पाणी जायला तीन वाटा असलेला. खांब दगडी, मामांच्या चुन्यात बांधलेले. वरचा स्लॅब मात्र काँक्रीटचा करायचा असा वरून हुकूम आला होता. सरकारच्या बांधकाम खात्याला आमच्याकडं तामीरात म्हणायचे. त्या तामीरातच्या दफ्तरात नवऱ्याचं नाव कच्चं लागलेलं होतं. यंत्र यावं, त्यानं पहिला गाळा नीट ओतावा, मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे खात्याच्या मोठ्या इंजिनियरनं, तो येऊन पाहावा आणि पसंत करावा, की हा मुस्तकिल होणार. मुस्तकिल म्हणजे पक्का. आणि पक्क्या माणसाला पत्र्याच्या दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं. नवऱ्याची भरभराट व्हावी असं बायकांनी म्हणायची रीत आहे. मी खरं सांगते, मला त्या दोन खोल्या हव्या होत्या, ज्यांत चुना नसेल.

शेवटी यंत्र आलं. सोलापूरहून आलं, स्वतःला चार लोखंडी चाकं असून चार जोड्या बैलांनी ओढत आणलेलं. एवढ्यावर मामा आठवडाभर खूश होते. "बैलाबिगर आलं का? न्हाय आलं," असं ते रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा थांबवून सांगायचे.

मिक्सर म्हणजे एक भलं मोठं लोखंडी पिंप, गोल फिरणारं, पोटात वाकडी पाती बसवलेलं. एका अंगाला पत्र्याचं सूप. त्यात खडी, वाळू, सिमेंट भरायचं, दांडा ओढला की सूप वर उचललं जातं आणि सगळं पिंपाच्या तोंडात पडतं. दुसऱ्या अंगाला तेलाचं इंजिन. इंजिनाला हँडल मारून जागं करायला लागायचं, आणि ते सकाळी जागं व्हायला माझ्यापेक्षाही कुरकुर करायचं. नवऱ्यानं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि खिशातलं ते फडकं अखेर कामाला लागलं. मामांनी पिंपाच्या तोंडात डोकं घालून आतली पाती पाहिली. आतूनच त्यांचा आवाज आला, "किती येळ फिरवायचं?"

"दोन मिन्टं," नवरा म्हणाला.

मामांनी डोकं बाहेर काढलं. "दोन मिन्टांत शिव्या व्हत्यात. चुना न्हाय व्हत."

"अप्पा, ह्यो चुना न्हाय. सिमेंट हाय."

"बरं. गूळ कवा टाकतूस?"

"ह्यात गूळ न्हाय टाकत."

 मामांच्या लेखी हे म्हणजे मिठाशिवाय भाकरी थापल्यासारखं होतं. मामांच्या चुन्यात गुळाचं पाणी पडायचं, बेलफळाचा गर पडायचा, हिरड्याचं पाणी पडायचं. त्याशिवाय चुना धरत नाही, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. घाणीजवळच्या खोपीत फळीवर गुळाच्या ढेपा ओळीनं मांडलेल्या असायच्या आणि त्यांतला खडा उचलायची घरात कुणाला टाप नव्हती. माझ्या पहिल्या संक्रांतीला मी पोळ्यांसाठी त्यातला गूळ मागितला, तर "त्यो चुन्याचा हाय" म्हणून मामांनी बाजारातून वेगळा आणून दिला. आणि आणलेला गूळ चुन्याच्या गुळापेक्षा हलका होता, हेही मला विसरता येत नाही.

त्या दिवसापासून घरात दोन वेळा तेच भांडण सुरू झालं. नवरा म्हणायचा, काँक्रीट शंभर वर्षं टिकतं. मामा म्हणायचे, तू शंभर वर्षं बघितलीस का? नवरा म्हणायचा, इंजिनाला वैरण लागत नाही. मामा म्हणायचे, रेड्याला हँडल लागत नाही. मी मध्ये बसून भाकऱ्या थापायची आणि दोघांच्या ताटात सारखंच वाढायची, नाहीतर त्यावरूनही पक्षपात निघाला असता. पण एक दिवस मामा भांडणाच्या सुरात नाही, अगदी साध्या आवाजात माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, पैली भरलेली गाडी वरनं गेली की त्यो सलॅप मधनं तडकणार. गुळाबिगर धरत न्हाय. पोरगं ऐकंना." 

ते माझ्या मनात रुतून बसलं. मामांच्या चुन्यातल्या विहिरी मी पाहिल्या होत्या, पायऱ्या पाहिल्या होत्या, पुलाचे ते खांब तर रोजच पाहत होते. कशाला कुठं केसाएवढी चीर नव्हती. नवऱ्याच्या यंत्रानं तोवर साधा उंबरासुद्धा बनवलेला नव्हता. माझ्या जागी कुणीही शहाणी बाई असती तर तिनं मामांवरच भरवसा ठेवला असता. स्लॅब तडकला तर नवरा कच्चाच राहणार, क्वार्टर जाणार आणि मी जन्मभर रेड्यामागं "नडी, नडी" करत फिरणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

योग असा, की कामावरच्या ओव्हरसियरला माझ्या शिक्षणाचा पत्ता लागला. हा ओव्हरसियर सडपातळ, भित्रा माणूस होता. लढाई चालू असल्यानं सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि गोणी फाटली तरी त्याचा चेहरा उतरायचा. मिक्सरमध्ये एक पेटी सिमेंट, दोन पेट्या वाळू, चार पेट्या खडी, असा मेळ असायचा. पेट्या लाकडी, सगळ्या एकाच मापाच्या. कुणी गडबडीत पाचवी खडी टाकू नये म्हणून दर घाण्याला, म्हणजे मिक्सरच्या दर भरतीला, पाटीवर रेघा मारायला लिहिता येणारं माणूस हवं होतं. शिवाय पाण्याच्या पिंपापाशी उभं राहून मापाच्या डब्यानं पाणी ओतायचं. त्यानं ही दोन्ही कामं माझ्यावर सोपवली. म्हणजे चोरी करायला सगळ्यात सोयीची जागा सरकारनंच मला नेमून दिली.

ओतायच्या दिवशी उजाडताच मी खोपीतली एक ढेप उचलली. दगडानं फोडली, जुन्या लुगड्याच्या दोन फडक्यांत बांधली आणि एक गाठोडं पाण्याच्या पिंपात सोडलं. दुसरं गोणपाटाखाली ठेवलं, दुपारसाठी. पाणी थोड्याच वेळात चहाच्या रंगाचं झालं. बायका ओढ्यावरून घागरी आणून वर पाणी ओतत होत्या, पण कुणी आत डोकावलं नाही. ओव्हरसियर सिमेंटच्या गोण्यांजवळून हलत नव्हता, आणि नवरा इंजिनापासून.

दिवसभर तो मिक्सर असा काही धडधडला, की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायची थांबली. सूप वर जायचं, खाली यायचं, पिंप गरगर फिरायचं, घमेली भरून बायका फळ्यांवर चढायच्या, वर गवंडी सळयांनी माल ठोकून बसवायचे. माल इतका मऊसूत निघत होता, की नवऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "बघा अप्पा, लोण्यावानी माल हाय!" तो यंत्राच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडला. मामांनी त्या दिवशी घाणी बंद ठेवली होती. पलीकडच्या काठावर ते आमच्याकडं पाठ करून बसले होते, आणि दर थोड्या वेळानं मान वळवून पाहत होते. मी पाटीवर रेघा मारत होते आणि मनात म्हणत होते, मामा, तुमचाच गूळ आहे, काळजी करू नका. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं. बाप आणि लेक, दोघांनाही न दुखावता दोघांचंही खरं करणारी सून मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसियरनं स्लॅबवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"थंडी है," तो म्हणाला. थंडी नव्हती. 

तिसऱ्या दिवशीही अंगठा आत गेला. चवथ्या दिवशी तर कावळा बसला, त्याचे पाय उमटले, आणि तो आपले पाय झटकत उडून गेला. ओव्हरसियरनं जेवण सोडलं. नवऱ्यानं इंजिन अर्धं उघडून ठेवलं. बिचाऱ्या इंजिनाचा काय दोष? पण त्याला दुसरं काही उघडताच येत नव्हतं. मामा पलीकडच्या काठावरून बघत होते आणि आश्चर्य म्हणजे एक अक्षर बोलत नव्हते. मला आतून कळून चुकलं होतं, की हा माझ्या गुळाचा प्रताप आहे. सिमेंटचं आणि चुन्याचं पोट सारखं नसतं, एवढं ज्ञान मला चार दिवस उशिरा झालं. 

आणि त्याच दिवशी मोहतमीमसाहेबांची मोटार आली.

साहेब उंच, गोरेपान, पांढऱ्या विजारीतले. हातात बारीक वेताची छडी. ते फळ्यांवरून वर चढले, छडीचं टोक स्लॅबवर टेकवलं, आणि छडी दोन बोटं खाली गेली. त्यांनी ती ओढून काढली, रुमालानं पुसली आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "ये सीमेंट है या हलवा?"

ओव्हरसियरनं लगेच नवऱ्याकडं बोट दाखवलं.  साहेब खाली उतरले, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाहिल्या, वाळू मुठीत घेऊन पाहिली, आणि पाण्याच्या पिंपापाशी आले. तिथं मुंग्या होत्या. साध्यासुध्या नाही, पिंपाच्या बुडापासून काठापर्यंत लग्नाच्या वऱ्हाडासारख्या ओळीनं चाललेल्या. साहेबांनी काठावरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"गुड़," ते म्हणाले. मग आवाज चढला. "गुड़ किसने डाला? बोलो, वरना मशीनवाले को हवालात भेजता हूँ."

मी तिथंच उभी होते, पाटी हातात, पाच पावलांवर. 'मी टाकला' एवढे दोन शब्द होते. मराठीत बोलू की दखनीत, असला मूर्ख प्रश्न मला त्या वेळी पडला होता, हे मला आजही आठवतं. मी बोलले नाही. घाबरले होते हे खरं, पण त्याहून वाईट एक गोष्ट खरी आहे. त्या क्षणीसुद्धा क्वार्टर कदाचित वाचेल, असा एक विचार माझ्या डोक्यात होता.

पलीकडच्या काठावर मामा उठले. धोतर गुडघ्यापर्यंत उचललं, ओढ्यातून सावकाश चालत आले. घाई नाही. येऊन साहेबांसमोर उभे राहिले, माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "हुजूर, मैंच डाल्या."

"क्यों?"

"चूने में डालते. इसमें बी डाल्या. छोरे को मालूम नैं." आणि मग, न राहवून, "कम पड़्या होयेंगा."

शिपायानं त्यांच्या दंडाला धरलं तेव्हा ते शिपायाला म्हणाले की रेड्याला पाणी दाखवायचं राहिलंय. साहेबांनी तिथल्या तिथं हुकूम सोडले. म्हाताऱ्याला हवालात. याचा चुना यापुढं सरकारी कामावर घ्यायचा नाही. सरकारी जागेतली घाणी उखडून टाकायची. आणि दोन दिवसांनी हा स्लॅब घणानं फोडून नव्यानं ओतायचा. दुपारीच चार गडी पहारी घेऊन आले आणि घाणीचं ते दगडी चाक त्यांनी ढकलत ओढ्यात नेऊन टाकलं. रेडा खुंट्याला बांधलेला होता. कुणी त्याला "नडी" म्हटलं नाही, तरी तो जागच्या जागी पावलं टाकत राहिला.

घरी नवरा भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मला बुडवायसाठी केलं अप्पांनी. माझं यंत्र त्यांच्या डोळ्यांत खुपत हुतं." मी पीठ मळत होते. मळत राहिले. ही माझी दुसरी संधी होती आणि तीही मी पिठात मळून टाकली. मला स्वतःची किळस आली, आणि किळस आली तरी तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी घण घेऊन गडी आले. पहिला घाव घातला तो घण उलटा उडाला आणि घालणारा मागं पडला. दुसरा घाव, तिसरा घाव, स्लॅबवरून नुसत्या ठिणग्या. मधल्या दिवसांत कधीतरी त्या हलव्याचा पत्थर झाला होता; गुळानं सिमेंटचं धरणं थांबलं नव्हतं, नुसतं लांबलं होतं. ओव्हरसियर स्लॅबवर चक्क आडवा पडला आणि गाल टेकवून रडला. साहेब पुन्हा आले, छडी आपटली, यथावकाश स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या निघाल्यावर भरलेल्या गाड्या वर उभ्या करून पाहिल्या. चीर नाही. गाळा पसंत झाला, नवरा मुस्तकिल झाला. घाणी मात्र ओढ्यात गेली ती गेलीच, कारण सरकारी हुकूम मागं घ्यायला सरकारकडं वेगळा कागद नव्हता.

मामा आठ दिवसांनी सुटून आले ते तुळजापूरहून दर्शन करून आल्यासारखे. गावात सगळ्यांना सांगत सुटले, बघा गुळाचा परताप. ढेप कशी उचलली, पिंपात कशी सोडली, ओव्हरसियरची नजर कशी चुकवली, हे ते माझ्यापेक्षाही बहारीनं रंगवायचे. नवरा मात्र त्यांच्याकडं बघेना, त्यांच्या पंक्तीला बसेना. 

एकदा रिकाम्या चराच्या काठावर मामा एकटे बसलेले सापडले. मी म्हणाले, "मामा, मी सांगते त्यांना. तुम्हाला कसं कळलं?"

"ढेप गेली त्याच दिशी कळलं. खारीनं तर उचलली नसंल." मग म्हणाले, "सगळी टाकलीस?"

"सगळी."

"लई झाला. अर्धी बास व्हती." चरातला वाळलेला चुना त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिला. "सांगू नको. माज्यावर रुसला तर कुटं जाईल त्यो? ल्योक हाय. चार दिसांनी यील. तुज्यावर रुसला तर तू कुटं जाशील?"

मी नाही सांगितलं. माझ्या सोयीचं होतं ते.

नवऱ्याची नेमणूक तुळजापूरकडच्या रस्त्यावर झाली आणि आम्ही क्वार्टरमध्ये आलो. दोन खोल्या, वर पत्रा, आणि भिंतींना पांढराशुभ्र चुना. मी पहिल्याच दिवशी खूप हसले आणि मग खूप रडले. नवरा चार दिवसांनी मुरुमला गेला नाही, चार महिन्यांनी नाही, वर्ष उलटलं तरी नाही. मी दिवाळीचं नाव काढलं की तो इंजिन पुसायला निघून जायचा. मग एकदा देवीच्या दर्शनाला आलेल्या मुरुमच्या एका बाईनं मला देवळाच्या पायऱ्यांवर गाठून सांगितलं, की तुझा सासरा आता पुलाच्या उरलेल्या गाळ्यांसाठी खडी फोडतो. उन्हात बसून, हातोडीनं. दुसऱ्याच्या मिक्सरसाठी.

दुपारी नवरा जेवायला बसला होता. मी म्हणाले, "अहो, गूळ मी टाकला होता. मामांनी नाही. मी." ढेप कशी फोडली, फडकी कुठल्या लुगड्याची, सगळं सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला. हात धुतला, टोपी घातली आणि मोटारीच्या अड्ड्याकडं चालू लागला. मी माझी ट्रंक भरली. वाशीला पोचवून येतो म्हणाला तर तयारी असलेली बरी. तीन दिवस मी त्या भरलेल्या ट्रंकेवर बसून काढले, आणि खोटं कशाला सांगू, घाबरले होते तरी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी तो आला. डोळे सुजलेले, पण चेहरा हलका. माझी ट्रंक त्यानं पाहिली आणि हसला.

"अप्पांनी सांगितलं मला सगळं," तो म्हणाला. "म्हणाले, पोरगी खोटं बोलती. बाप-लेकाचं जुळावं म्हणून सोताच्या अंगावर घेती. गूळ म्याच टाकला, म्हणाले. तिला कायबी बोलू नको."

"अहो, मी खोटं बोलत नाही! मीच—"

"बास कर आता. मी त्यांचे पाय धरून आलो. झालं गेलं सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात रेड्याला घेऊन इकडंच येतात राहायला." मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की तशा नजरेनं त्यानं आजवर फक्त इंजिनाकडं पाहिलं होतं. "तुझ्यासारखी बायको नशिबानं मिळती," तो म्हणाला.

मी ओरडले, रडले, देवीची शपथ घेतली. जेवढी शपथ घेतली तेवढा त्याचा माझ्या मोठेपणावरचा विश्वास वाढत गेला. मामा राहायला आल्यावर मी त्यांच्यासमोर विषय काढून पाहिला. "मामा, आता तरी खरं सांगा यांना." मामांनी रेड्याच्या पाठीवरून हात फिरवत नवऱ्याला सांगितलं, "बघ, अजूनबी सोडंना." दोघं माझ्याकडं पाहून मायेनं हसले. मामा पुढं नऊ वर्षं आमच्यात राहिले आणि शेवटपर्यंत त्यांनी तो गूळ मला परत दिला नाही. नवऱ्यानं ज्याला माफ केलं त्यानं काही केलंच नव्हतं, आणि जिनं केलं होतं तिला माफ करायला कुणी तयारच झालं नाही.